एक वस्तू, एक प्रश्न : इतिहास आणि धर्म या विषयांवरचे विद्यार्थी-प्रकल्प कसे घडवावेत

अशोकाच्या तेराव्या शिलालेखात कलिंगच्या युद्धाची हकिगत आहे. दीड लाख माणसे धरून नेली, एक लाख मारली गेली, त्याहून कितीतरी अधिक मेली आणि हे पाहून राजाला पश्चात्ताप झाला, असे तो लेख सांगतो. गिरनार, कालसी, शाहबाझगढी अशा एकमेकांपासून दूर असलेल्या ठिकाणी तो कोरलेला आहे. पण खुद्द कलिंगात, धौली आणि जौगड इथल्या खडकांवर, अशोकाचे इतर लेख आहेत आणि हा नाही. त्याऐवजी तिथे अधिकाऱ्यांसाठी कोरलेले दोन वेगळे लेख आहेत : लोकांशी न्यायाने वागा, कुणाला विनाकारण बंदिवासात टाकू नका.

वर्गात एवढे सांगायचे आणि थांबायचे. थोडा वेळ कुणी बोलत नाही, मग हात वर होऊ लागतात. राजाला लाज वाटली असेल. लोकांची जखम ताजी असेल. पुन्हा उठाव होईल अशी भीती असेल. ज्यांनी सोसले त्यांना आकडे सांगायची गरजच काय, असेही कुणी म्हणते. यातले कुठलेच उत्तर अशोकाने लिहून ठेवलेले नाही. मुलांना लेखांची भाषांतरे वाचावी लागतात, नकाशा काढावा लागतो, कुठला लेख कुठे आहे याचा तक्ता मांडावा लागतो आणि मग आपले म्हणणे पटवून द्यावे लागते. ‘सम्राट अशोक : जीवन व कार्य’ असा मथळा दिला असता, तर यातले काहीही झाले नसते. चार पानांची माहिती आली असती, कुठून तरी उतरवलेली.

माझे म्हणणे एवढेच आहे की इतिहास आणि धर्म यांवरचा प्रकल्प हातात धरता येईल अशा एका वस्तूपासून सुरू करावा आणि त्या वस्तूने उभ्या केलेल्या एकाच प्रश्नावर तो चालवावा. वस्तू म्हणजे नाणे, शिलालेख, इमारत, हस्तलिखिताचे पान, नकाशा, दिनदर्शिकेतली एखादी तारीखसुद्धा. ही पद्धत अकरा-बारा वर्षांच्या मुलांपासून महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांपर्यंत चालते. साधनांची खोली तेवढी बदलते.

पहिली पायरी : वस्तूंची टोपली भरा

विषयांची यादी फळ्यावर लिहिली की मुले ओळखीचे विषय उचलतात आणि निम्मा वर्ग एकाच प्रसिद्ध व्यक्तीवर येऊन थांबतो. म्हणून यादी करूच नका. जितके गट, त्याच्या दीडपट चिठ्ठ्या तयार करा. प्रत्येक चिठ्ठीवर एका वस्तूचे चित्र आणि दोन ओळी, बस. विविधता इथेच ठरते, त्यामुळे चिठ्ठ्या बनवायला तुम्ही एक पूर्ण दिवस दिलात तरी तो वाया जाणार नाही.

चिठ्ठ्या निवडताना मी तीन गोष्टी पाहतो : काळ वेगवेगळे असावेत, प्रदेश वेगवेगळे असावेत आणि वस्तूंचे प्रकारही वेगवेगळे असावेत. सगळ्याच इमारती निवडल्या तर सगळे प्रकल्प स्थापत्याचे होतात. माझ्या टोपलीतल्या काही वस्तू सांगतो, म्हणजे अंदाज येईल.

कनिष्काची नाणी. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या या कुषाण राजाच्या नाण्यांवर इराणी देवता आहेत, शिवासारखी दिसणारी देवता आहे आणि एका नाण्यावर बुद्ध आहे. बुद्धाशेजारी ग्रीक लिपीत ‘बोद्दो’ असे लिहिले आहे. एकाच राजाच्या टांकसाळीत इतके देव का? व्यापाऱ्यांसाठी, प्रजेसाठी, की राजाच्या स्वतःच्या श्रद्धेमुळे?

शीआन इथला ख्रिस्ती शिलास्तंभ. चीनमध्ये इ.स. ७८१ साली उभारलेला. मजकूर चिनी भाषेत, काही भाग आणि नावे सिरियाक भाषेत. आलोपेन नावाचा धर्मोपदेशक ६३५ साली चीनमध्ये आला, असे तो सांगतो. माथ्यावर क्रूस कोरला आहे आणि त्याच्याखाली कमळ आहे. नवा धर्म परक्या देशात जातो तेव्हा तो तिथली कुठली चिन्हे आणि कुठले शब्द उसने घेतो, हे पाहायला याहून चांगली वस्तू मला ठाऊक नाही.

वज्रच्छेदिका सूत्राची छापील गुंडाळी. चीनमधल्या दुनहुआंगच्या गुहेत सापडली. छापल्याची तारीख तिच्यावरच आहे : इ.स. ८६८. तारीख असलेले, आज उपलब्ध असलेले हे सर्वांत जुने छापील पुस्तक. वांग जिए नावाच्या माणसाने आईवडिलांच्या नावे, फुकट वाटण्यासाठी ते करवून घेतले, असे शेवटच्या ओळीत लिहिले आहे. छपाईचा इतिहास सांगताना बहुतेक जण युरोपातल्या १४५५ च्या सुमाराच्या गुटेनबर्गच्या बायबलपासून सुरुवात करतात. ही गुंडाळी समोर ठेवली की मुले आपणहून विचारतात की दोन्हीकडे आधी धर्मग्रंथच का छापले गेले.

कॅटलान नकाशा, १३७५ चा. त्यात आफ्रिकेतल्या माली राज्याचा मनसा मूसा हातात सोन्याचा गोळा धरून बसलेला दाखवला आहे. तो १३२४ साली मक्केच्या यात्रेला निघाला होता. पन्नास वर्षांनी हजारो मैलांवरच्या एका नकाशाकाराला त्याची आठवण कशी राहिली? एका यात्रेने जगाच्या नकाशात काय बदलले?

आणि शेवटी एक वस्तू, जी दिसत नाही : ५ ऑक्टोबर १५८२. स्पेन, पोर्तुगाल आणि इटलीच्या बऱ्याच भागात हा दिवस उगवलाच नाही. गुरुवार, ४ ऑक्टोबरनंतर थेट शुक्रवार, १५ ऑक्टोबर आला. ईस्टरची तारीख वसंतसंपाताशी जुळावी म्हणून पोप तेरावा ग्रेगरी याने दिनदर्शिका सुधारली. कारण धार्मिक, गणित खगोलाचे आणि स्वीकारायचे की नाही हा निर्णय राजकीय. जर्मनीतल्या प्रोटेस्टंट संस्थानांनी ती १७०० साली घेतली, इंग्लंडने १७५२ साली, रशियाने १९१८ साली. हा प्रकल्प गणित आवडणाऱ्या मुलांना द्यावा. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचे, म्हणून इस्लामी दिनदर्शिकेत महिने ऋतूंमधून सरकत जातात. ज्यू दिनदर्शिकेत एकोणीस वर्षांत सात अधिक महिने धरतात. हिंदू पंचांगातही अधिक मास आहे. एकाच आकाशाकडे पाहून वेगवेगळ्या समाजांनी काढलेली ही उत्तरे शेजारी शेजारी मांडली, की मुले आपोआप हिशोबाला बसतात.

चिठ्ठी निवडताना मुलांना दोनदा बदलायची मुभा द्या. तिसऱ्यांदा नको.

दुसरी पायरी : प्रश्न घडवा

सर्वांत जास्त कस इथे लागतो आणि नेमका इथेच शिक्षक घाई करतात. पहिला पूर्ण आठवडा फक्त प्रश्नासाठी ठेवा. त्या आठवड्यात कुणी माहिती गोळा करायची नाही, फक्त वस्तू पाहायची आणि वहीत प्रश्न लिहायचे. पहिले वीस प्रश्न लिहून झाल्याशिवाय निवड करू देऊ नका. पहिले पाच-सहा ‘कधी, कुणी, किती’ असे असतात. बाराव्या-तेराव्या प्रश्नापासून मुले वस्तूकडे खरोखर बघू लागतात.

एका गटाचा प्रश्न कसा घडत गेला ते सांगतो. वस्तू होती इस्तंबूलची आया सोफिया. पहिला मसुदा : ‘आया सोफियाचा इतिहास काय आहे?’ हा प्रश्नच नाही, हे प्रकरणाचे नाव आहे. दुसरा : ‘आया सोफिया चर्च असावी की मशीद?’ यावर वाद खूप होईल, पण तो आजचा राजकीय कौल झाला. इतिहासाची साधने तो देऊ शकत नाहीत. तिसरा मसुदा असा : ‘वापर बदलला तेव्हा प्रत्येक नव्या मालकाने इमारतीतले काय ठेवले, काय झाकले आणि काय नव्याने बांधले?’ यात ५३७ सालचे जस्टिनियनचे चर्च येते, १४५३ नंतरची मशीद येते, १९३५ चे संग्रहालय येते, २०२० साली पुन्हा झालेली मशीदही येते. मिनार, गिलाव्याखाली झाकलेली आणि विसाव्या शतकात पुन्हा उघड केलेली मोझेक चित्रे, सगळे पुरावा म्हणून वापरता येते. आणि कुणालाही कुणाची बाजू घ्यावी लागत नाही.

प्रश्न पक्का करण्याआधी तो तीन चाळण्यांतून काढा. साधने पाहून त्याचे उत्तर देता येईल का? दोन विचारी माणसांची उत्तरे वेगळी असू शकतील का? आणि हाताशी असलेल्या आठवड्यांत तो पुरा होईल का? मोठ्या मुलांसाठी मी चौथी चाळणी लावतो : कुठला पुरावा सापडला तर तुम्ही तुमचे उत्तर मागे घ्याल? हे आधी लिहून घ्यावे. ज्याला याचे उत्तर देता येत नाही त्याचा निष्कर्ष आधीच ठरलेला असतो.

तिसरी पायरी : धर्माबद्दल कसे बोलायचे ते आधी ठरवा

धर्म हा विषय आला की शिक्षक एक तर तो टाळतात किंवा ‘सगळे धर्म एकच शिकवण देतात’ या वाक्याने गुंडाळतात. दोन्हींनी मुलांचे नुकसान होते. सगळे धर्म एकच सांगत असते तर अभ्यासायला काही उरलेच नसते. फरक आहेत, ते लोकांसाठी महत्त्वाचे आहेत आणि आदर ठेवून ते नेमके सांगता येतात.

त्यासाठी वर्गात वाक्यांचे तीन प्रकार शिकवावेत. पहिला, श्रद्धेचे वाक्य : ‘श्रद्धावंत मानतात की…’ दुसरा, ग्रंथाचे किंवा लेखाचे वाक्य : ‘या ग्रंथात असे म्हटले आहे की…’ तिसरा, पुराव्याचे वाक्य : ‘या शिलालेखावरून, नाण्यावरून, उत्खननावरून असे दिसते की…’ तिन्ही प्रकारांना प्रकल्पात जागा आहे, फक्त एकाच्या जागी दुसरे बसवायचे नाही. सुरुवातीला मी मुलांना तीन रंगांच्या पेन्सिलींनी स्वतःचा मसुदा अधोरेखित करायला लावतो. ज्या पानावर एकच रंग दिसतो, ते पान पुन्हा लिहायचे. प्रकल्पाच्या शेवटी मुलांना आयुष्यभर पुरेल अशी एखादी सवय लागली असेल, तर ती बहुधा हीच असते.

आणखी एक सवय शब्दांची. ‘ख्रिस्ती असे करतात’, ‘बौद्ध असे मानतात’ अशी सरसकट वाक्ये आली की लगेच विचारायचे : कोणते, कधीचे, कुठल्या देशातले? जपानचे उदाहरण इथे उपयोगी पडते. तिथे १५४९ साली ख्रिस्ती धर्मप्रचार सुरू झाला आणि १६१४ साली देशभर बंदी आली. काही कुटुंबांनी मग गुप्तपणे श्रद्धा जपली. बौद्ध परंपरेतल्या कान्नोन या करुणेच्या देवतेच्या मूर्तीत ते मरिया पाहत. पिढ्यान्‌पिढ्या धर्मगुरूंशिवाय प्रार्थना तोंडपाठ चालत राहिल्या. १८६५ साली नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये यातले काही लोक एका फ्रेंच धर्मगुरूसमोर आले आणि आपली श्रद्धा त्यांनी उघड केली. बंदी उठली १८७३ साली. या लोकांना ‘ख्रिस्ती असे करतात’ या वाक्यात कुठे बसवणार? हा प्रश्न मुलांनी स्वतःशी घोळवावा.

आता काही गोष्टी मी वर्गात होऊ देत नाही, त्या स्पष्ट सांगतो. कुठल्याही मुलाला ‘तू त्या धर्माचा आहेस ना, मग तूच सांग’ असे म्हणायचे नाही. ते मूल स्वतःबद्दल बोलू शकते, तेही त्याला हवे असेल तर. एका अख्ख्या समाजाचे प्रतिनिधित्व त्याच्यावर लादणे अन्यायाचे आहे. पूजा, नमाज, प्रार्थना, दीक्षा यांचे नाट्यरूपांतर करायचे नाही. ती कुणासाठी तरी खरी असतात, आणि ज्याची त्यावर श्रद्धा नाही अशा मुलाकडून ती वदवून घेणेही बरोबर नाही. काही परंपरांमध्ये पूज्य व्यक्तींची चित्रे काढत नाहीत, त्यामुळे ‘धर्मसंस्थापकाचे चित्र काढा’ असे काम कुणालाच देऊ नये. इमारती, सुलेखन, हस्तलिखितांची नक्षी, यात्रांचे मार्ग असे कितीतरी पर्याय आहेत. आणि कुठला धर्म अधिक चांगला, अधिक जुना, अधिक विज्ञाननिष्ठ अशी तुलना प्रश्नातच असेल, तर तो प्रश्न बदलून आणायला सांगावे.

पालकांना सुरुवातीलाच एक पानभर पत्र द्या : आपण धर्मांविषयी शिकणार आहोत, कुठल्याही धर्माचे आचरण शिकवणार नाही, प्रश्न असे आहेत, साधने अशी आहेत. पत्र आधी गेले की शंका आधी येतात आणि त्यांची उत्तरे शांतपणे देता येतात. एकदा मी हे पत्र पाठवले नाही आणि एका गटाचे काम मध्यावर थांबवावे लागले. मुलांनी तीन आठवडे मनापासून केलेले काम होते ते. तेव्हापासून पत्राशिवाय मी चिठ्ठ्या वाटत नाही.

चौथी पायरी : साधनांची उलटतपासणी

१४४० साली लोरेन्झो वाल्ला या इटालियन विद्वानाने एका प्रसिद्ध दस्तऐवजाचे पितळ उघडे पाडले. सम्राट कॉन्स्टन्टाइनने चौथ्या शतकात रोमन साम्राज्याचा पश्चिम भाग पोपला दान दिला, असे त्या दस्तऐवजात म्हटले होते. वाल्लाने त्याची लॅटिन भाषा तपासली. कॉन्स्टन्टाइनच्या काळात रोमच्या कारभारात जे शब्द कुणी वापरले नसते, ते त्यात होते. ‘सत्रप’ (इराणी साम्राज्यातला सुभेदार) हा त्यांतलाच एक. दस्तऐवज बनावट होता, आज अभ्यासक तो आठव्या शतकाच्या सुमाराचा मानतात.

ही गोष्ट सांगून झाली की तिचा दुसरा अर्धा भाग सांगा. वाल्ला त्या वेळी अ‍ॅरागॉनच्या राजाच्या पदरी होता आणि त्या राजाचे पोपशी वैर होते. म्हणजे बनावट उघडी पाडण्यात त्याचा स्वार्थ होता. तरीही त्याचा पुरावा खरा होता. लिहिणाऱ्याचा हेतू आणि त्याच्या म्हणण्याचा खरेपणा या दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासायच्या असतात, हे मुलांना यातून नीट कळते. ‘तो पक्षपाती होता, म्हणून सोडून द्या’ इथेच बरेच जण थांबतात.

प्रत्येक साधनासाठी वहीत एक पान ठेवायला लावा. त्यावर चार गोष्टी : हे कुणी केले, कुणासाठी केले, घटनेनंतर किती काळाने केले, आणि यात कुणाचा आवाज नाही. चौथ्या रकान्यासाठी वेळ द्या, तो सर्वांत उशिरा भरतो. इजिप्तमधला रोझेटा शिलालेख घ्या. १७९९ साली सापडला, इ.स.पू. १९६ चा आहे, एकच मजकूर चित्रलिपी, डेमोटिक (रोजच्या वापरातली इजिप्शियन लिपी) आणि ग्रीक अशा तीन लिप्यांत आहे आणि त्याच्या आधारे फ्रेंच अभ्यासक शांपोलियोंने १८२२ मध्ये चित्रलिपी उलगडली, एवढे सगळ्यांना सापडते. पण त्यात लिहिले काय आहे, हे फार थोडी मुले वाचतात. तो पुरोहितांनी केलेला ठराव आहे. राजा पाचवा टॉलेमी याने मंदिरांना करात सवलती दिल्या, म्हणून त्याच्या मूर्ती मंदिरांत ठेवून त्याची पूजा करायची, असे तो सांगतो. राजा आणि पुरोहित यांनी एकमेकांना काय दिले आणि काय घेतले? आणि त्यात कर भरणारा शेतकरी कुठे आहे?

मोठ्यांच्या दस्तऐवजांत सामान्य माणसे सापडत नाहीत, ही मुलांची तक्रार रास्त असते. त्यांना कैरोच्या गेनिझाकडे, म्हणजे ज्यूंच्या जुने कागद ठेवण्याच्या खोलीकडे न्यावे. देवाचे नाव लिहिलेला कागद फेकायचा नाही या ज्यू प्रथेमुळे फुस्तात (जुने कैरो) इथल्या बेन एझरा सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यू प्रार्थनामंदिराच्या एका खोलीत शतकानुशतके कागद साठत गेले. धर्मग्रंथांबरोबर व्यापाऱ्यांची पत्रे, लग्नाचे करार, सामानाच्या याद्या, अक्षरे गिरवायला शिकणाऱ्या मुलांची पानेसुद्धा. १८९६-९७ मध्ये सॉलोमन शेख्टर यांनी त्यातला फार मोठा साठा केंब्रिजला नेला, तिथे आज सुमारे १,९३,००० तुकडे आहेत. बाराव्या शतकात मंगळूरला राहून व्यापार करणाऱ्या अब्राहम बेन यीजू या ज्यू व्यापाऱ्याची पत्रे त्यांत आहेत. एका धार्मिक प्रथेमुळे हिंदी महासागरातल्या व्यापाराचा इतिहास टिकला. आठशे-नऊशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या मुलाने गिरवलेली अक्षरे पडद्यावर दाखवा आणि काहीही बोलू नका. मुले पुढे सरकून बघतात.

यातले पुष्कळसे घरबसल्या पाहता येते. मोठी ग्रंथालये आणि संग्रहालये आपल्या वस्तूंची छायाचित्रे, मापे आणि नोंदी संकेतस्थळांवर मोफत ठेवतात. मुलांना थेट संग्रहालयाच्या नोंदीपर्यंत न्यायचे; शोधयंत्राने दिलेल्या पहिल्या परिच्छेदावर थांबू द्यायचे नाही. संगणकाने लिहून दिलेल्या उत्तरालाही तोच नियम : त्यातला प्रत्येक दावा वहीतल्या एखाद्या साधनाच्या पानाशी जोडता आला पाहिजे. जोडता आला नाही तर तो खोडायचा.

भाषांतर हेही एक साधनच आहे, आणि त्याचीही तपासणी हवी. कंदाहारला १९५८ साली सापडलेल्या अशोकाच्या लेखात ग्रीक आणि अरमाइक अशा दोन भाषा आहेत. ‘धम्म’ या शब्दासाठी ग्रीक मजकुरात ‘युसेबेइया’ हा शब्द आला आहे. त्याचा अर्थ साधारणपणे देवांविषयी आणि वडीलधाऱ्यांविषयी असलेला आदर. दोन्ही शब्दांत काय सारखे, काय निसटले? एवढ्या एका शब्दावर चार पानी चांगला प्रकल्प होतो.

कुणी मौखिक साधने वापरणार असेल, म्हणजे वडीलधाऱ्यांच्या किंवा एखाद्या समुदायातल्या माणसांच्या मुलाखती घेणार असेल, तर आधी परवानगी, ध्वनिमुद्रणाआधी पुन्हा परवानगी आणि नाव छापायचे की नाही हे त्यांनीच ठरवायचे. लिहून झालेला मजकूर त्यांना दाखवायचा.

पाचवी पायरी : अवघड विषय टाळू नका, पण तयारीने घ्या

धर्माच्या इतिहासात छळ आहे, युद्धे आहेत, कत्तली आहेत. ते वगळून केलेला प्रकल्प खोटा ठरतो. पण अशा प्रकल्पांत मुले लवकर दोन गटांत वाटली जातात, म्हणून कुणाचा दोष यापेक्षा ते कसे घडले, याकडे प्रश्न वळवावा लागतो.

चौदाव्या शतकातली प्लेगची साथ घ्या. १३४८-४९ मध्ये युरोपात अफवा पसरली की ज्यू लोकांनी विहिरींत विष टाकले. पोप सहावा क्लेमेंट याने १३४८ साली फर्मान काढून हा आरोप फेटाळला. ज्यू लोकही याच साथीने मरत आहेत, हे त्याने दाखवून दिले. तरीही फेब्रुवारी १३४९ मध्ये स्ट्रासबुर्गमध्ये ज्यू रहिवाशांना जाळण्यात आले, तेव्हा शहरात साथ अजून पोहोचलेलीही नव्हती. इथे विचारण्यासारखे खूप आहे. अफवा साथीच्या पुढे कशी धावली? पोपचा शब्द का चालला नाही? कुणाचे कर्ज फिटले, कुणाच्या हाती सत्ता आली? कुणी विरोध केला?

अशा विषयात पीडितांचा किंवा मारणाऱ्यांचा अभिनय करायला लावू नका. जळणाऱ्या माणसाचे मनोगत लिहा, असे काम देऊ नका. घटनाक्रम मांडा, निर्णय कुठे कुठे वेगळा होऊ शकला असता त्या जागा नकाशावर खुणा करून दाखवा. मृतांचे आकडे देताना कुणी सांगितलेला, कधीचा, हे शेजारीच लिहा. आणि वर्गात कुणाच्या कुटुंबाशी अशा इतिहासाचा संबंध असू शकतो हे लक्षात ठेवून त्या मुलाशी आधी एकट्याने बोला, चिठ्ठी बदलून द्या किंवा त्याला हवी असेल तर तीच राहू द्या.

सहावी पायरी : मांडणीचे रूप प्रश्नाने ठरवावे

चकचकीत मांडणीला जास्त गुण मिळतात असे एकदा मुलांना वाटले की थर्माकोल आणि चमकी सुरू होते. म्हणून रूप शेवटी ठरवा. ‘कुठे कुठे’ असा प्रश्न असेल तर नकाशा. ‘काय ठेवले, काय बदलले’ असेल तर एकावर एक ठेवता येणारे पारदर्शक कागदांचे आराखडे; आया सोफियाच्या गटाने असेच केले होते, प्रत्येक काळासाठी एक कागद. दोन साधने एकमेकांशी भांडत असतील तर दहा मिनिटांचा ध्वनिमुद्रित संवाद चांगला वठतो.

रूप कुठलेही असो, प्रत्येक गटाकडून संग्रहालयात वस्तूशेजारी असते तशी शंभर शब्दांची पाटी लिहून घ्या. शंभर म्हणजे शंभर. वस्तू काय आहे, प्रश्न काय, उत्तर काय आणि कशावर उभे आहे, हे सगळे त्यात. पाटी जमली नाही तर समजा की उत्तर अजून तयार नाही.

सातवी पायरी : वेळ, गुण आणि तोंडी प्रश्न

एकूण सहा आठवडे पुरतात. पहिला प्रश्नाचा, दुसरा आणि तिसरा साधनांचा, चौथा पहिल्या मसुद्याचा, पाचवा दुरुस्तीचा, सहावा मांडणीचा. आठवड्याला दोन तासिका मिळाल्या तरी चालते, पण चौथ्या आठवड्यात प्रत्येक गटाशी दहा मिनिटे समोरासमोर बसून बोलायला वेळ काढाच. गट तीन जणांचा ठेवा. पाच जणांच्या गटात दोघे काम करतात आणि तिघे बघतात.

गुण शंभरपैकी असतील तर माझी वाटणी अशी : प्रश्नाला वीस, साधनांच्या वहीला तीस, पुरावा आणि युक्तिवाद यांना तीस, मांडणीला दहा, तोंडी उत्तरांना दहा. वहीचे गुण दर आठवड्याला द्यायचे, शेवटी एकदम नाही. त्यामुळे उतरवून आणलेला प्रकल्प शेवटच्या रात्री तयार होऊ शकत नाही, कारण वही मागून भरता येत नाही.

तोंडी परीक्षेत तीनच प्रश्न विचारतो. कुठले साधन वाचल्यावर तुमचे मत बदलले? तुमच्या उत्तराची सर्वांत कच्ची बाजू कुठली? आणि तुमच्याशी असहमत असणारा माणूस काय म्हणेल, ते त्याला पटेल अशा शब्दांत सांगा. तिसऱ्या प्रश्नाआधी अशोकाचा बारावा शिलालेख वाचून दाखवतो. कारण नसताना आपल्या पंथाची स्तुती आणि दुसऱ्याच्या पंथाची निंदा करू नये, बोलण्यावर संयम ठेवावा, एकमेकांचे विचार ऐकावेत, असे त्यात कोरले आहे. तोही लेख कलिंगात नाही, हे कुणी तरी लक्षात आणून देतेच, आणि मग पहिल्या दिवशीचा प्रश्न पुन्हा उघडतो.

मांडणी संपल्यावर प्रत्येक गटाने आपल्या चिठ्ठीच्या मागच्या बाजूला एक ओळ लिहायची : आम्हाला न सुटलेला प्रश्न. नाण्यांच्या गटाने एका वर्षी लिहिले होते, ‘नाण्यावरचे नाव ज्यांना वाचता येत नव्हते, ते देव कसा ओळखत?’ चिठ्ठ्या जपून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच टोपलीतून त्या वाटायच्या, आणि नव्या गटाने मागची बाजू आधी वाचायची.